रानात फासकी दिसली: काढायची, सोडायची की कळवायची?

प्रश्न थोडक्यात असा: राजापूर तालुक्यातल्या एका गावात, सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, काजूच्या बागेकडे उतरणाऱ्या वाटेवर, वनखात्याच्या हद्दीच्या दगडाच्या आतल्या अंगाला ऐनाच्या बुंध्याला क्लच वायरची बेवारस फासकी, म्हणजे जनावर अडकवायचा तारेचा सरकफास, बांधलेली दिसली. आसपास कोणी नाही. काढून फेकावी, घरी आणावी, की 'आपल्याला काय' म्हणून पुढे जावे? आणि जोडप्रश्न: फासकी डुकरासाठी असेल, तर त्यात एवढा गुन्हा तो काय?

आधी सरळ उत्तर देतो. हात लावू नका. फोटो काढा. नियतक्षेत्राच्या वनरक्षकाला, तो मिळाला नाही तर १९२६ या वनखात्याच्या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर फोन करा. आणि माणूस येईपर्यंत त्याच वाटेवर पुढे-मागे आणखी फासक्या आहेत का, ते नुसत्या नजरेने बघा. एकच फासकी लावायला कोणी सड्यापर्यंत चढत नाही. पिशवीत जेवढी तार आहे तेवढी लावूनच माणूस परततो. तुम्हाला दिसली ती एक. न दिसलेल्या जास्त महत्त्वाच्या.

तुम्ही 'बेवारस' हा शब्द वापरला आहे, तो जरा फसवा आहे. बंदूक रानात टाकून शिकारी निघून गेला, तर बंदूक आपणहून कोणाला मारत नाही. फासकी मात्र लावणारा जवळ नसावा म्हणूनच लावतात. तो मुंबईच्या गाडीत बसला, आजारी पडला किंवा कोणत्या झाडाला बांधली तेच विसरला, तरी तार तिथे आपले काम करत राहते. क्लच वायर पोलादी पेडांची असते, वर जस्ताचा थर असतो. कोकणातला एक पावसाळा तिला पुरून उरत नाही. वरून तांबूस दिसणारी तार वाकवून पाहिली तर आतले पेड शाबूत निघतात. ब्रिटनमध्ये फास कायदेशीर मानतानाही १९८१ च्या कायद्याने लावलेला फास दिवसातून किमान एकदा तपासणे सक्तीचे केले होते. पुढे वेल्सने २०२३ मध्ये आणि स्कॉटलंडने २०२४ मध्ये फासावर बंदीच घातली. आपल्याकडे मुळात लावणेच बेकायदा, त्यामुळे लावणारा दिवसाउजेडी फेरी मारायला कचरतो. गावात चार माणसे बघत असतील तर जातच नाही. अडकलेले जनावर मग दोन-दोन दिवस तसेच झटापट करत राहते.

ती कशी धरते हे कळले की बाकीच्या सूचनांचा अर्थ लागेल. तार एका बाजूने सरकते, ओढ असेपर्यंत उलट सरकत नाही. जनावर जितके पुढे ओढेल तितकी ती आवळते. डुकराचे डोके पाचरीसारखे आणि मान जाड, त्यामुळे ते मानेत किंवा खांद्यामागे अडकते. भेकर मानेत किंवा पायात अडकते. बिबट्या अंगाने लवचिक. तो डोके आणि पुढचे पाय सहज आत घालून पुढे जातो आणि कमरेत अडकतो. कोकणात फासकीत सापडलेल्या बिबट्यांच्या बातम्यांत 'कमरेला तार' हे शब्द वारंवार दिसतात ते यामुळे. तार पोटाच्या मऊ भागावर बसते, बरगड्यांचा आधार नसतो, आणि प्रत्येक उडीबरोबर ती आत जाते. बाहेर रक्ताचा थेंब नसताना आतड्यांना आणि मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते.

शोधायची कशी

फासकी सहसा दिसत नाही, तिची तयारी दिसते. जनावराच्या वाटेच्या दोन्ही अंगांना तोडून टाकलेली काटेरी शिरी आणि मध्ये हातभर मोकळी जागा दिसली, की थांबा. वाऱ्याने मोडलेली फांदी फाटते, पिळवटते. कोयत्याचा काप तिरका आणि गुळगुळीत असतो. गडग्याला पडलेले खिंडार, वईत जनावरांनी पाडलेली फट, वहाळाच्या काठावर उतरायची एकुलती एक घसरण, करवंदीच्या जाळीखालचा बोगदा: जिथे जनावराला दुसरीकडून जाता येत नाही तिथेच फासकी असते. बुंध्यावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीवर साल गोल घासलेली असेल तर तिथे आधी कधीतरी तार होती, आणि त्या तारेत काहीतरी ओढले गेले होते. अशा झाडाची जागा नोंदवून ठेवा. लावणारा सवयीचा माणूस असतो, तो त्याच झाडाकडे परत येतो.

सशासाठीची तार बारीक, बांधकामावर सळ्या बांधतात तसली, आणि फास ओंजळीएवढा. डुकराची फासकी घमेल्याच्या तोंडाएवढी, दुचाकीच्या क्लचच्या किंवा ब्रेकच्या तारेची. टोकाला ओतीव गोळी दिसली तर ती गाडीचीच तार समजा. काही जण तार चुलीवर धुरावतात. तिची चमक जाते आणि ती वेलीसारखी दिसते. वेलीला मात्र कुठेतरी पेर असते, पान फुटलेले असते, जाडी बदलते. तार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. डोळा या एका गोष्टीला सरावला की अर्धे काम झाले.

वेळ सकाळची, सात ते नऊ. ऊन तिरपे असताना सूर्याकडे तोंड करून चालले की तार चमकते. सूर्य पाठीशी असेल तर तीच तार सावलीच्या रेघेसारखी हरवते. दर वीस पावलांना गुडघ्यांवर बसून वाटेकडे जनावराच्या उंचीवरून बघायचे, आणि मागे वळूनही बघायचे, कारण काही फासक्या परतीच्या बाजूनेच दिसतात. चौघे-पाच जण असाल तर एकमेकांत तीन-चार मीटर अंतर ठेवून आडव्या रांगेत चालायचे. रांगेतल्या एकाने फक्त वर बघायचे: वाकवून खाली बांधलेले रोप किंवा फांदी. तो उडता फास असतो, त्याची गोष्ट पुढे येते.

हंगामाचे म्हणाल तर भात पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंत फासक्या शेताच्या कडेला सरकतात, कारण डुक्कर तिकडे येते. रताळी, सुरण, भुईमूग जिथे असेल तिथेही. मार्चनंतर त्या पाण्याकडे जातात. गवत वाढलेले असताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, सर्वांत जास्त फासक्या आणि सर्वांत कमी दिसणे असा वाईट मेळ असतो. म्हणून नीट झडती घ्यायची ती गवत वाळून आडवे झाल्यावर, जानेवारीपासून. एक लक्षात ठेवा, राखीव वनात गट करून झडती घ्यायची तर वनखात्याला आधी कळवून, त्यांचा माणूस बरोबर घेऊनच. हातात कात्री आणि पिशवीत तारा अशा अवस्थेत पाच माणसे रानात सापडली, तर ती कोण आहेत हे त्यांच्या तोंडावर लिहिलेले नसते.

हात का लावायचा नाही

याच कारणासाठी फासकी घरी न्यायची नाही. तार खिशात घालून तुम्ही वनाच्या हद्दीतून बाहेर पडलात, की पुरावा गेला आणि संशय तुमच्याकडे आला. शिवाय रिकामी, उघडी फासकी वनखात्याला जास्त उपयोगी असते. अनुभवी रेंजर तिथे पाळत ठेवतो किंवा कॅमेरा ट्रॅप लावतो. लावणारा तपासायला येतो तेव्हा सापडतो. उपटून फेकलेल्या तारेवरून कोणी सापडत नाही, आणि क्लच वायर गॅरेजबाहेरच्या कचऱ्यात फुकट पडलेली असते. उद्या त्याच झाडाला नवी.

फोटो असे काढा: पहिला दहा पावलांवरून, झाड आणि वाट दोन्ही दिसतील असा. दुसरा गाठीचा, जिथे तार झाडाला किंवा मेखेला बांधली आहे तिथला. तिसरा फासाचा, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार कळतो. फोनचे लोकेशन चालू असू द्या. फासावर कोळ्याचे जाळे असेल तर त्याचाही फोटो घ्या. जाळे विणल्यापासून ती कोणी हलवलेली नाही एवढे त्यावरून कळते. गाठीखाली सालीतून चीक ओला दिसत असेल तर ती कालपरवाची. पायांचे ठसे असतील त्या अंगाने जाऊ नका. ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने बाहेर या.

फोनवर काय सांगायचे? "अमुक गाव, अमुक वाडी. सड्यावरच्या पाण्याच्या टाकीपासून खाली पंधरा मिनिटे, हद्दीच्या दगडाच्या आत. क्लच वायरची एक फासकी, उघडी आहे, जनावर नाही. फोटो आणि लोकेशन पाठवतो. मी वाटेच्या तोंडाशी थांबतो." एवढे पुरे. वनाच्या कक्ष (कंपार्टमेंट) क्रमांकाची पाटी दिसली असेल तर तो क्रमांक सांगा. 'जनावर आहे' की 'नाही' हा शब्द पहिल्या वाक्यात हवा, कारण त्यावर कोण आणि काय घेऊन निघायचे ते ठरते. वनरक्षकाचा नंबर आजच ग्रामपंचायतीतून किंवा पोलीस पाटलांकडून घेऊन ठेवा. सड्यावर रेंजचा एकच कोपरा असतो, तिथे उभे राहून नंबर शोधत बसण्यात अर्धा तास जातो. खात्याची उतरंड अशी: नियतक्षेत्राचा वनरक्षक, म्हणजे गावाच्या भाषेत गार्ड, त्यावर वनपाल, त्यावर परिक्षेत्र वन अधिकारी, म्हणजे रेंजर. गार्डने टाळले तर थेट रेंजर. १९२६ वर तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मागून घ्या.

आणि वाडीच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकू नका. त्या गटात लावणारा असण्याची शक्यता बरीच मोठी असते. गार्ड पोचेपर्यंत झाड मोकळे. संशय असला तरी कोणाचे नाव गटात किंवा चावडीवर घेऊ नका. ते रेंजरच्या कानात सांगायचे.

गार्ड आल्यावर पंचनामा होतो, दोन पंच लागतात, तार जप्त होऊन तिला लेबल लागते आणि प्राथमिक वनगुन्हा अहवाल, ज्याला सगळे पीओआर म्हणतात, तो फाडला जातो. पंच म्हणून सही करायला लोक घाबरतात. तुम्ही जे पाहिले तेवढेच त्यात लिहिले आहे ना, हे वाचून सही करा. कोऱ्या कागदावर मात्र नाही.

उघडी फासकी रात्रभर सोडायची का

इथे पुस्तकी उत्तर आणि रानातले उत्तर थोडे वेगळे पडते. गार्ड तासाभरात येणार असेल तर हात लावायचा नाही, विषय संपला. पण संध्याकाळचे पाच वाजलेत, गार्ड दुसऱ्या टोकाला आहे, वाटेने शेळ्या परतायच्या आहेत, अशा वेळी उघडा फास रात्रभर तसाच ठेवणे मला पटत नाही. फोनवर गार्डला तसे सांगा, त्याची संमती घ्या, तिन्ही फोटो आधी काढा, आणि मग फक्त फास बंद करा. लांब काठीने फासाची कड ओढली की तो मिटतो. मिटलेला फास वाटेच्या बाजूला टाकून ठेवायचा. गाठ सोडायची नाही, तार कापायची नाही. पुरावा जागच्या जागी राहतो आणि जनावर वाचते.

हे फक्त साध्या तारेपुरते. तार वाकवलेल्या रोपाला बांधलेली असेल तर अजिबात नाही. ते रोप ताणलेल्या धनुष्यासारखे असते. खालचा अडसर सुटला की ते सपकन वर जाते आणि तारेचे टोक डोळ्यांच्या उंचीवरून फिरते. अशा वेळी वाटेच्या दोन्ही टोकांना फांद्या आडव्या टाकून वाट बंद करायची आणि लांब थांबायचे.

आत काही अडकलेले असेल तर

कुत्रा असेल तर तुम्ही सोडवू शकता, कारण वाट बघण्यात त्याचा जीव जाईल. पण क्रम चुकला की तो तुम्हालाच चावेल, मालक असलात तरी. आधी त्याच्या डोक्यावर गोणपाट किंवा कांबळे टाका. एकाने ते मानेमागे धरून ठेवायचे, दुसऱ्याने तोंडाभोवती कापडाची पट्टी बांधायची; धाप लागली असेल किंवा ओकारी येत असेल तर तोंड बांधायचे नाही. आता सगळ्यांत महत्त्वाचे: कुत्र्याला झाडापासून लांब ओढायचे नाही, झाडाकडे ढकलायचे. तार सैल पडली की मगच फास उलट सरकतो. सरकत नसेल तर कापायचा, आणि तो मानेजवळच्या वेटोळ्यावर, झाडाजवळ नाही. साध्या पक्कडीने क्लच वायर तुटत नाही. पेड विसकटतात आणि त्यांची टोके बोटांत घुसतात. सायकल दुरुस्तीवाल्याकडे असते तसली केबल कापायची कात्री लागते. तारेखाली बोट जात नसेल तर केस मागे सारून तारेची कड दिसेल असे करा, घाईने कातडी कापू नका. सुटल्यावर कुत्रा शेपूट हलवत चालू लागला, तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. आवळलेल्या भागाची सूज आणि आतला त्रास काही तासांनी दिसतो. शेळी किंवा वासरू असेल तरी क्रम हाच, फक्त डोळे झाकले की ती लवकर शांत होतात.

वन्यप्राणी असेल तर सोडवायचा नाही. भेकराचे पाडस असले तरी नाही. इथे चांगल्या मनाची माणसे दोन चुका करतात. पहिली, झाडाजवळची तार तोडून जनावर पळू देणे. जनावर पळते, बघणारे टाळ्या वाजवतात, आणि फास तसाच अंगावर राहतो. तो दिवसेंदिवस मांसात रुतत जातो, जखमेत अळ्या होतात, आणि ते जनावर रानाच्या आत कुठेतरी मरते. दुसरी चूक, सुटले म्हणजे वाचले असे समजणे. जिवाच्या आकांताने तासन्‌तास ओढल्यामुळे स्नायू आतून फाटतात, त्यांतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंड बंद पडते. हरणासारखी जनावरे सुटल्यानंतर तासांनी किंवा काही दिवसांनीही याने दगावतात. म्हणून भूल, सलाइन आणि निरीक्षण लागते. ते पशुवैद्यकाचे काम आहे, आणि बिबट्यासारख्या, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्याला बेशुद्ध करायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगीही लागते.

बिबट्या असेल तर तुमचे काम एकच: माणसे लांब ठेवणे. किमान शंभर मीटर. फासकीच्या तारेचे पेड घासून एकेक करून तुटतात, आणि शेवटचा पेड नेमका कधी तुटेल हे बाहेरून कळत नाही. गर्दी वाढली, मोबाइल वर झाले, कोणी दगड मारला, की जनावर जोर लावते. तोपर्यंत थकून पडलेला बिबट्या सुटला तर समोरच्या माणसावर येऊ शकतो. गर्दी आवरत नसेल तर ११२ वर पोलीस बोलवा. पाणी पाजायला, सावली करायला जवळ जाऊ नका. बिबट्याच्या नजरेला माणूस पडणार नाही अशा आडोशाला सगळ्यांना बसवले तर त्याची झटापट कमी होते.

जनावर मेलेले असेल तर त्याचे काहीही घरी आणायचे नाही. मटण तर नाहीच, पण साळिंदराचा काटा किंवा भेकराचे शिंगही नाही. मेलेला वन्यप्राणीही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता असतो, आणि अशी वस्तू हातात आली तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते.

'डुकरासाठीच आहे, मग गुन्हा काय?'

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. फास लावणे, सापळा लावणे, आमिष ठेवणे आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणे ही सगळी शिकारच. म्हणजे रिकामी फासकीही गुन्हा आहे. आत काही सापडायची वाट बघावी लागत नाही. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता त्याच तारेत बिबट्या किंवा खवले मांजर सापडले तर प्रकरण पहिल्या अनुसूचीचे होते: कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. कोणते जनावर येणार हे लावणाऱ्याच्या हातात नसते. शिक्षा मात्र आलेल्या जनावराप्रमाणे होते. 'डुकरासाठी लावली होती' हे कोर्टात बचाव म्हणून सांगणे म्हणजे आधी शिकारीची कबुली देणे.

राखीव वनात फास किंवा सापळे लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खालीही येते. अभयारण्यात तर शस्त्र घेऊन शिरण्यालाच मनाई आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत फास हे शस्त्र आहे. कोकणात आणखी एक गैरसमज पक्का बसलेला दिसतो, कारण इथले पुष्कळ रान मालकीचे: 'माझ्या कलमबागेत मी काही लावीन.' जमीन तुमची, जनावर नाही. वन्यजीव कायदा सातबारा बघत नाही.

पण डुकराचा त्रास खोटा नाही, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे. एका रात्रीत रताळ्याचा वाफा नांगरल्यासारखा उलटा होतो. वर्षाची मेहनत जाते. पीकनुकसानीच्या भरपाईसाठी नुकसान दिसल्या दिवशीच अर्ज करा, आणि पंचनामा होईपर्यंत पडलेले पीक उचलू नका, शेत सारखे करू नका. लोक इथेच चुकतात. त्रास फारच असेल तर कायद्याच्या कलम ११ खाली परवानगीने डुक्कर मारण्याची तरतूद आहे, पण ती लेखी आणि कारणासहित मिळालेली परवानगी असते. 'साहेब हो म्हणाले' ही परवानगी नव्हे. सौर कुंपण हा टिकाऊ उपाय. जन-वन विकास योजनेतून काही गावांना त्यासाठी अनुदान मिळते, तुमचे गाव त्यात बसते का हे रेंज कचेरीत विचारा. सौर कुंपणात यंत्र साधारण सेकंदाला एक अशी क्षणिक झटक्यांची मालिका सोडते; जनावर दचकते, मरत नाही. घरातला किंवा खांबावरचा प्रवाह थेट तारेत सोडणे ही पूर्णपणे वेगळी आणि जीवघेणी गोष्ट.

तार जमिनीलगत लांबवर गेलेली दिसली तर

तशी तार दिसली तर फासकीचे सगळे विसरा. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर, लहान खुंट्यांवरून दूरवर गेलेली बारीक तार, खुंट्यांना बाटलीचे गळे किंवा प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे, आणि एक टोक विजेच्या खांबाकडे: हा विजेचा सापळा. तो संध्याकाळनंतर जोडतात आणि पहाटे काढतात, म्हणून दुपारी निर्जीव दिसलेली तार रात्री जिवंत असते. काठीनेही शिवू नका, ओली काठी वीज वाहते. तार जमिनीला टेकली असेल तर भोवतीच्या मातीतही दाब पसरतो, आणि दोन पावलांत जितके अंतर तितका धक्का मोठा. पाय एकमेकांना लावून, फरफटत, छोट्या पावलांनी मागे या. गुरे अशा ठिकाणी पटकन मरतात ती पुढच्या-मागच्या पायांतल्या लांब अंतरामुळे. आधी महावितरणला १९१२ वर फोन, मग वनखात्याला. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ २०१७ च्या एप्रिलमध्ये 'श्रीनिवास' हा रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ असाच शेताच्या विजेच्या तारेने मेला. तीही तार डुकरांसाठीच होती.

कणकेच्या किंवा चरबीच्या गोळ्यासारखे, सुतळीने आवळलेले काही वाटेवर पडलेले दिसले तर तो गावठी बॉम्ब असू शकतो. दाबला की फुटतो, डुकराच्या जबड्यासाठी ठेवलेला असतो आणि गाईच्या किंवा कुत्र्याच्या तोंडात फुटतो. लाथ मारू नका, उचलू नका, माणसे मागे घ्या आणि ११२. पाणवठ्याजवळ पानांखाली साखळीचे टोक दिसले तर लोखंडी सापळ्याचा संशय धरा. दुचाकीच्या तारेसारखे हे गावातले काम नसते, त्यामागे बहुधा मोठ्या जनावरांची टोळी-शिकार असते. अशा ठिकाणी पाऊल टाकण्याआधी पुढची जमीन लांब काठीने ठोकत मागे फिरा आणि थेट रेंजरला कळवा. वाघूर, म्हणजे झाडांमध्ये ताणलेले सशा-डुकरांचे जाळे, फासकीसारखेच हाताळायचे. फक्त त्यात घुबड किंवा रातवा अडकलेला असेल तर फोनवर तेही सांगा, पक्षी जाळ्यात फार वेळ तग धरत नाही.

तुमच्या सड्यावरच्या वाटेचे म्हणाल तर पंचनामा झाल्यावर पंधरा दिवसांनी गार्डला घेऊन तिथेच पुन्हा जा. ऐनाच्या त्याच बुंध्यावर नवा घासा पडलाय का बघा, आणि त्या झाडापासून खाली वहाळापर्यंतची प्रत्येक अरुंद जागा गुडघ्यावर बसून तपासा. जुन्या फासकीचा मिटलेला, पालापाचोळ्यात दडलेला तुकडा पायाला लागला तर तोही गार्डच्या पिशवीत जाऊ द्या. रानात टाकलेली वेटोळी तार पुढच्या पावसात गुराच्या खुरात अडकते.